एका क्लिकचा खेळ आणि सोळा मजल्यांचं तळघर

बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या पाटोद्यातली पोरं ‘ॲक्शन रोल-प्लेइंग गेम’ असं लांबलचक नाव घेत नाहीत. ‘मारामारी करत पॉवर वाढवायचा गेम’ म्हटलं की कुणालाही कळतं. तज्ज्ञांच्या व्याख्येपेक्षा मला हीच जास्त नेमकी वाटते, कारण तिच्यात या खेळांची दोन्ही अंगं आली आहेत. मारामारी हे हाताचं काम. शत्रू अंगावर आला, बाजूला उडी मारली, वार केला. पॉवर वाढवणं हे डोक्याचं. मिळालेला गुण ताकदीवर घालायचा की चपळाईवर, ही तलवार ठेवायची की विकायची, आगीची विद्या शिकायची की बर्फाची. पहिलं अंग चार मिनिटांत जमतं. दुसऱ्यात माणूस चार वर्षं घालवू शकतो.

अडचण अशी की या दोन अंगांपाशी दोन वेगळ्या स्वभावाची माणसं येतात. दिवसभराचं काम उरकून अर्धा तास मोकळा झालेला एक. त्याला बसल्या बसल्या खेळायला लागायचं असतं, शिकवणी नको असते. दुसरा रात्री वही काढून आकडेमोड करणारा. त्याला खेळ पुरून उरला पाहिजे. एकाच खेळानं दोघांनाही धरून ठेवायचं, हे बनवणाऱ्यांपुढचं जुनं आणि अजूनही न सुटलेलं कोडं. ते कुणी कसं सोडवायला घेतलं, कुणाचं कुठं अडलं, आणि पुण्यात तयार झालेल्या एका खेळानं त्यात कुठवर मजल मारली, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

डोक्याचं अंग आधी जन्मलं. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. कागद, पेन्सिल, अनेक पैलूंचे फासे आणि टेबलाभोवती चार मित्र. आपल्या पात्राची ताकद किती, चिलखत किती, जखम किती झाली, सगळं आकड्यांत. पुढं 1980 मध्ये ‘रोग’ नावाच्या संगणक-खेळानं हेच आकडे पडद्यावर आणले. त्यात चित्रं नव्हतीच. नायक म्हणजे ‘@’ हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. तुम्ही एक पाऊल टाकलं की राक्षस एक पाऊल टाकणार. दर खेपेला तळघर नवं, आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात. खेळ अफाट खोल होता. पण औषध प्यायला ‘क्यू’ दाबा, गुंडाळी वाचायला ‘आर’, शस्त्र हाती घ्यायला लहान ‘डब्ल्यू’, चिलखत चढवायला मोठा ‘डब्ल्यू’, अशी दोन-तीन डझन बटणं पाठ झाल्याशिवाय त्या खोलीपर्यंत पोचताच येत नसे. विद्यापीठांतल्या संगणकांपाशी बसणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. बाकीच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता.

नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात काँडोर नावाची एक छोटी कंपनी होती. तिथल्या डेव्हिड ब्रेविक यांना ‘रोग’सारखाच, पण देखण्या चित्रांचा खेळ बनवायचा होता. पाळीपाळीनं चालणारा. पैसा लावणारी ब्लिझार्ड ही कंपनी म्हणत होती, पाळ्या काढून टाका, सगळं सलग चालू द्या. ब्रेविक यांचा कडवा विरोध होता; पाळीमुळं येणारा विचार आणि ताण निघून गेला तर उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. अखेर कंपनीत मत घेतलं, आणि बहुतेकांनी बदलाच्या बाजूनं कौल दिला. मग एका शुक्रवारी दुपारी ते एकटेच बसले आणि काही तासांत त्यांनी पाळ्या इतक्या लहान केल्या की त्या दिसेनाशा झाल्या. समोरच्या सांगाड्यावर माउसनं क्लिक केलं. नायक चालत गेला, तलवार फिरली, हाडं विखुरली. त्या क्षणी आपण काहीतरी वेगळं पाहतोय हे कळलं, असं त्यांनी पुढं जाहीर भाषणात सांगितलं आहे. हा खेळ म्हणजे 1996 च्या अखेरीस आलेला ‘डायब्लो’.

त्याचं पहिलं मिनिट जवळून पाहण्यासारखं आहे. तुम्ही ट्रिस्ट्रम नावाच्या उजाड गावात उभे. जमिनीवर क्लिक केलं, माणूस तिकडं चालला. म्हाताऱ्यावर क्लिक केलं, तो बोलला. दारावर केलं, दार उघडलं. राक्षसावर केलं, वार झाला. पडलेल्या नाण्यांवर केलं, नाणी थैलीत आली. एकच बोट, एकच कृती, आणि ती कशावर केली त्यावरून तिचा अर्थ ठरतो. कुठलंही बटण पाठ करायचं नाही. चर्चखाली सोळा मजल्यांचं तळघर आहे आणि तुम्ही एका बोटानं त्यात उतरू शकता. आणि आत? आत ‘रोग’ जसाच्या तसा आहे. तीच दर खेपेला बदलणारी वाट, तेच आकडे, तेच अनोळखी वस्तू ओळखून घेण्याचे प्रकार.

माझ्या मते या सगळ्या चर्चेतला कळीचा मुद्दा इथंच हाती लागतो. सोपेपणा वाढवला की खोली तेवढीच घटते, असा हिशेब लोक मांडतात. पण ब्रेविक यांच्या त्या दुपारनं खोलीला हात लावलाच नव्हता. त्यांनी कष्ट कमी केले होते. शिकण्याचे कष्ट वेगळे आणि निर्णयाचं वजन वेगळं. पहिलं जितकं कमी तितकं चांगलं. दुसरं कमी केलं की खेळ पोकळ होतो. पुढच्या तीस वर्षांत जिथं जिथं फसलं, तिथं बनवणाऱ्यांनी या दोहोंची गल्लत केलेली दिसते.

2000 साली आलेल्या ‘डायब्लो 2’ मध्ये दोन्ही गोष्टी इतक्या व्यवस्थित वेगळ्या ठेवल्या आहेत की अभ्यासाला तोच खेळ घ्यावा. पाटोद्यात तेव्हा भारनियमनाचे दिवस. वीज यायच्या वेळा पाठ असत आणि कॉम्प्युटरपुढं बसायला नंबर लावावा लागे. ज्याला इंग्रजीचा एक शब्द वाचता येत नव्हता तोही हा खेळ खेळे; लाल बाटली म्हणजे जखम भरणार, निळी म्हणजे जादू परत येणार, एवढं रंगावरून कळायचं. तेवढ्यावर त्याची संध्याकाळ मजेत जायची.

आता त्याच खेळाची दुसरी बाजू. यातल्या जादूगारणीला मंत्र टाकायला किती वेळ लागतो? खेळ सेकंदाला 25 चित्रांच्या गतीनं चालतो, आणि तिचे बहुतेक मंत्र सुरुवातीला 13 चित्रांत पुरे होतात. अंगठ्या, मुकुट, माळ यांवर ‘मंत्राचा वेग अमुक टक्के जादा’ असं लिहिलेलं असतं. नवखा म्हणेल, जितके टक्के जास्त तितका वेग जास्त. तसं होत नाही. चित्र अर्धं दाखवता येत नाही, म्हणून वेग पायऱ्यांनी वाढतो. 9 टक्क्यांना 12 चित्रं, 20 ला 11, 37 ला 10, 63 ला 9, 105 ला 8 आणि 200 ला 7. म्हणजे तुमच्याकडं 63 टक्के जमले असतील तर 104 पर्यंत कितीही दागिने चढवा, वेग तसूभर वाढणार नाही; ती जागा दुसऱ्या कामाच्या वस्तूला द्यावी. 105 ला मात्र एकदम फरक पडतो. हे कोष्टक खेळात कुठंही छापलेलं नाही. खेळणाऱ्यांनी घड्याळ लावून, चित्रं मोजून ते शोधलं आणि एकमेकांना सांगितलं.

यातली खरी कारागिरी अशी की हे ठाऊक नसलेल्याचं काही अडत नाही. लाल-निळी बाटली ओळखणारा आणि कोष्टक पाठ असलेला, दोघंही एकाच राक्षसापुढं उभे राहतात आणि दोघांनाही तो मारता येतो. आपल्याकडं कबड्डीत हेच दिसतं. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा सामना पाहणाऱ्याला ‘शिवायचं आणि परत यायचं’ एवढं दोन मिनिटांत कळतं. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो, म्हणून पाचच उरले की चढाईपटूची चाल बदलते, हे त्याला कित्येक सामन्यांनंतर उमगतं. उमगेपर्यंतही तो तितक्याच जोरानं ओरडत असतो.

‘डायब्लो 2’ निर्दोष मात्र नव्हता. त्याचं दार सताड उघडं होतं, पण आत एक विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. दर पातळीला मिळणारा विद्येचा गुण एकदा खर्चला की कायमचा. सगळे गुण आगीवर घातलेली जादूगारीण पहिल्या दोन टप्प्यांत धडाक्यानं पुढं जायची आणि ‘हेल’ या तिसऱ्या टप्प्यात तिला असे राक्षस भेटायचे ज्यांच्यावर आगीचा काडीचाही परिणाम होत नाही. कित्येक आठवड्यांची मेहनत तिथं अडून पडे. हिशेबी खेळाडूला यात थरार वाटे: निर्णयाला वजन आहे म्हणून तर तो निर्णय. साधा खेळाडू मात्र, आपली चूक काय झाली हेच न कळता, खेळ बंद करून निघून जाई.

मार्च 2010 मधल्या सुधारणेनं यावर उपाय दिला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्याच गावातली अकारा ही बाई तुमचे सगळे गुण परत देते, पण दर टप्प्याला एकदाच. तीन टप्पे म्हणून तीनदा. त्यापुढं पुन्हा बदलायचं असेल तर शेवटच्या टप्प्यातल्या महाराक्षसांकडून चार वेगवेगळी सत्त्वं मिळवा, ती पेटीत एकत्र करा, मग बदला. नवख्याच्या पहिल्या तीन चुका माफ. सराईताला बदल हवा तर त्यानं तो कमवावा. चूक दुरुस्त करायला किती किंमत पडावी, हा एकच आकडा दोन्ही प्रकारच्या माणसांना सांभाळून घेऊ शकतो, हे या सुधारणेनं दाखवून दिलं. ‘सोपा, मध्यम, कठीण’ अशा पाट्या लावण्यापेक्षा हे कितीतरी बारकाईचं काम आहे.

15 मे 2012 ला ‘डायब्लो 3’ आला तेव्हा ही किंमत शून्यावर आणलेली होती. ताकद-चपळाईचे गुण खेळच वाटून टाकी. विद्या हव्या तेव्हा, हव्या तितक्या वेळा, फुकट बदलता येत. पहिल्या आठवड्यात 63 लाख लोकांपर्यंत खेळ पोचला, म्हणजे दार रुंद करण्याचा हेतू सफळ झाला म्हणायचा. पण तुमची जादूगारीण आणि शेजाऱ्याची जादूगारीण यांत आता फरक उरला नव्हता. दोघींना सगळंच येत होतं. मग वेगळेपण आणायचं कशानं? शस्त्रांनी आणि दागिन्यांनी. आणि त्यांच्यासाठी कंपनीनं खेळातच लिलावघर उघडलं होतं, खेळातल्या सोन्यावर चालणारं आणि खऱ्या पैशांवर चालणारंही. राक्षस मारून चांगली तलवार मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा ती विकत घेणं सोयीचं झालं, आणि खेळाचा जीवच गेला. 18 मार्च 2014 ला ते लिलावघर बंद केलं गेलं, वस्तू मिळण्याची सगळी व्यवस्था नव्यानं रचली, आणि तुमच्या पात्राला चालतील अशाच वस्तू जास्त पडू लागल्या. तिथून खेळ सावरला.

या खेळातली एक लहानशी तजवीज मात्र मला आवडते. सुरुवातीला सहा बटणांवर सहा प्रकारच्या विद्या ठरवून दिलेल्या असतात; या बटणावर हल्ल्याची, त्यावर बचावाची. नवखा गोंधळत नाही. पण सेटिंगमध्ये आत गेलात तर एक खूण करायची जागा आहे. ती केली की कुठलीही विद्या कुठल्याही बटणावर ठेवता येते. जो शोधेल त्याला सापडावी अशीच ती जागा आहे. अनुभवी माणसाचं स्वातंत्र्य नवख्याच्या तोंडावर न फेकता राखून ठेवण्याचा तो सभ्य मार्ग होता.

आणि एक गोष्ट या खेळाच्या मोठमोठ्या परीक्षणांत दुय्यम ठरली, पण आमच्या भागातून पाहिलं तर तीच सगळ्यांत मोठी. कॉम्प्युटरवर ‘डायब्लो 3’ खेळायला इंटरनेट सतत चालू लागे, एकट्यानं खेळायचं असलं तरी. 2012 साली पाटोद्यात मोबाइलला रेंज आली तर आली. जगातला सगळ्यांत सोपा केलेला डायब्लो इथं सुरूसुद्धा होत नव्हता, आणि बारा वर्षांपूर्वीचा अवघड डायब्लो वीज असेपर्यंत बिनतक्रार चालत होता. ‘सगळ्यांसाठी’ म्हणताना बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं कुठलं घर असतं, हे असं उघडं पडतं.

दुसरं टोक न्यूझीलंडमध्ये उभं राहिलं. ऑकलंडच्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या ग्राइंडिंग गिअर गेम्सनं 2013 मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल’ काढला. खेळायला फुकट, आणि ‘डायब्लो 2’च्या भक्तांसाठी त्याहून खोल. त्यात पातळी वाढली की एक गुण मिळतो आणि तो घालायला समोर एक नकाशा उघडतो. तेराशेहून अधिक ठिपके, एकमेकांना रेषांनी जोडलेले, रात्रीच्या आभाळासारखे पसरलेले. सात प्रकारची पात्रं आहेत, पण नकाशा सगळ्यांचा एकच; फक्त सुरुवातीची जागा वेगळी. गुण परत हवा तर एकेका ठिपक्यासाठी किंमत मोजायची.

माझा भाचा हा खेळ घेऊन बसला होता. वार करणं त्याला लगेच जमलं. पहिली पातळी वाढली, त्यानं नकाशा उघडला, बोटानं तो सरकवत राहिला, आणि नकाशा संपेचना. “मामा, हे बघून माझं डोस्कंच चालंना,” तो म्हणाला. मग त्यानं मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ लावला, त्यातला माणूस सांगेल तिथं तिथं क्लिक करत गेला आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्या आज्ञेबरहुकूम खेळला. जिंकतही होता. हाच ठिपका का घेतला, असं विचारलं तर म्हणाला, “माहीत नाही, त्यांनी सांगितलंय.”

मला यात धोका दिसतो, आणि तो ‘डायब्लो 3’च्या दोषाचाच जुळा भाऊ आहे. तिथं निर्णय खेळानं घेतले. इथं ते अनोळखी माणसानं घेतले. भाच्याच्या वाट्याला दोन्हीकडं क्लिक करणंच आलं. खोली इतकी आणि इतक्या लवकर समोर मांडली की माणूस विचार करायचा थांबतो आणि तयार पाककृती मागतो. ज्यांना हा खेळ खरोखर उलगडला आहे त्यांच्यासाठी तो रत्नांची खाण आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. विद्येचे मणी, त्यांना जोडायचे साहाय्यक मणी, सोन्याऐवजी वस्तूंचं रूप पालटणारी नाणी, सगळीच रचना अस्सल बुद्धीची. पण तेराशे ठिपके पहिल्याच दिवशी दाखवायचं काय कारण होतं? आसपासचे वीस उजेडात ठेवून बाकीचे हळूहळू उजळवता आले असते. खोली एका ठिपक्यानंही कमी झाली नसती.

जपानी मंडळींनी वेगळीच वाट काढली. हिदेताका मियाझाकी यांचे ‘डार्क सोल्स’ (2011) आणि त्याच कुळातले खेळ अवघडपणासाठी जगभर ओळखले जातात. त्यांत ‘सोपा’ नावाचं बटणच नाही. तरीही 2022 च्या फेब्रुवारीत आलेला ‘एल्डन रिंग’ वर्षभरात दोन कोटींहून जास्त विकला गेला. इतकी माणसं एकाएकी शूर झाली नव्हती. त्या खेळात सोपेपणा पाटीवर लिहिलेला नाही, तो मैदानात विखरून ठेवला आहे. पहिल्या दारातून बाहेर पडताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरताना दिसतो. त्याच्यावर धावून गेलात तर दोन घावांत संपता. पण त्याला वळसा घालून जायला सगळं रान मोकळं आहे. चार दिवस दुसरीकडं हिंडा, ताकद वाढवा, स्वतःचा घोडा मिळवा, मदतीला आत्मे बोलवा, नाहीतर इंटरनेटवरून दुसऱ्या खेळाडूला हाक मारा, आणि मग परत या. प्रत्येक जण आपापल्या कुवतीप्रमाणं खेळ सोपा करतो आणि तो सोपा करणं हाच खेळातला निर्णय असतो. अनोळखी माणसांनी एकमेकांना मदत करून निघून जायची कल्पना मियाझाकी यांना एका बर्फाळ चढावर सुचली होती. गाड्या घसरत होत्या, तेव्हा मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला ढकलत चढ पार केला आणि कुणी कुणाशी न बोलता सगळे मार्गी लागले.

अमेरिकेतल्या ‘हेडीस’नं 2020 मध्ये याहून सरळ उपाय केला. एक कळ दाबली की शत्रूंचे घाव 20 टक्क्यांनी सौम्य होतात, आणि प्रत्येक मरणानंतर आणखी 2 टक्क्यांनी, जास्तीत जास्त 80 पर्यंत. देवांकडून मिळणाऱ्या वरांमधून कुठला घ्यायचा हा विचार मात्र जसाच्या तसा राहतो. बोटं संथ असलेल्या माणसाची बुद्धीही संथ असेल असं त्या खेळानं गृहीत धरलं नाही.

आता पुण्याकडं येऊ. 2017 मध्ये श्रुती घोष, अविचल सिंह आणि इअन मॉड यांनी नॉडिंग हेड्स गेम्स ही कंपनी तिथं सुरू केली. त्यांचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ 18 ऑगस्ट 2020 ला निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्याआधी लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ते थांबले नाहीत. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी, गोलू तिचा धाकटा भाऊ. राखीच्या दिवशी जत्रेत असुर येतात आणि मुलांना पळवून नेतात. राजी भावाला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू वरून पाहतात आणि कथा सांगतात. राजस्थानी वाड्यांचे झरोके, पहाडी चित्रशैलीचे रंग, सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेली गोष्ट, हे सगळं इतक्या मायेनं केलेलं आहे की जगभरच्या परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळालं.

काटेकोरपणे ‘राजी’ हा साहस-खेळ. रोल-प्लेइंगचं अंग त्यात थोडं आहे. पण आपला प्रश्न त्याच्यावर ठेवून पाहावा असा मराठी मुलखातला हाच सर्वांत जवळचा खेळ. दार त्यानं उत्तम उघडलं. राजी डोंबाऱ्याच्या मुलीसारखी खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवर दोन पावलं चढून उलटी झेप घेते, आणि हे करायला एखाददुसरं बटण पुरतं. शरीर कमावलेल्या पोरीचं चापल्य आपल्या बोटांत आल्याचा आनंद पहिल्या दहा मिनिटांतच मिळतो. त्रिशूळ, मग विष्णूचं शार्ङ्ग धनुष्य, पुढं ढाल-तलवार. सोबत वीज, बर्फ, आग यांच्या शक्ती.

खोलीच्या बाबतीत मात्र तो लवकर थांबतो. नवं शस्त्र हातात येतं, पण जुनं सोडण्याचं दुःख होत नाही, कारण काही निवडावं लागलेलंच नसतं. बर्फ घेतला म्हणून आगीला मुकलो, असा पेच पडत नाही. पाचेक तासांत गोष्ट संपते, तीही जराशी अचानक. छोट्या चमूचा पहिलाच खेळ होता. देखणेपणात त्यांनी जे ओतलं ते पाहता आणखी मागणं अन्यायाचं वाटू शकतं. मी तरी मागतो, कारण राजीच्या गोष्टीतच तो पेच तयार पडला आहे. दुर्गेचा आणि विष्णूचा वाद चालू असताना तिनं कुणाचं ऐकावं? एका देवतेचा वर पूर्ण वाढवला तर दुसरीचा अर्धाच मिळावा, एवढा एक नियम घातला असता तर तीच पाच तासांची गोष्ट दोनदा खेळावीशी वाटली असती. पुढं 2022 मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात लढाई नीटस केली आणि हिंदी आवाज आले. आवाज आपल्या भाषेच्या इतक्या जवळ आला तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनाही ही राक्षसांची मारामारी म्हणजे कुणाची तरी गोष्ट आहे हे कळलं.

स्विच किंवा भारी कॉम्प्युटर पाटोद्यात किती घरांत असणार? इथं खेळ म्हणजे मोबाइल. बालाघाटाच्या डोंगरात मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते आणि तालुका मात्र पाण्याला महाग. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. फोन घरात एखादाच, तो आईबापाबरोबर फडावर जातो, नाहीतर आजीजवळ राहिलेल्या पोरांच्या हाती राहतो. स्टोरेज लग्नाच्या फोटोंनी भरलेलं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारखा सुंदर खेळ कित्येक जीबी मागतो, म्हणजे त्याचा विचारच नको.

मोबाइलवरच्या पुष्कळ ‘पॉवर वाढवायच्या’ खेळांनी सोपेपणाचा जो अर्थ लावला आहे तो मला पटत नाही. ‘ऑटो’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की पात्र आपोआप चालतं, आपोआप लढतं, आपोआप इनाम गोळा करतं. हातही काढून घेतला, डोकंही काढून घेतलं. उरतं ते वाट पाहणं, आणि वाट पाहायची नसेल तर पैसे भरणं. भोळ्या पोराला वाटतं आपली पॉवर वाढते आहे. त्यानं प्रत्यक्षात एकही निर्णय घेतलेला नसतो. अवघड खेळात हरलेल्या पोराचं यापेक्षा कमी नुकसान होतं.

इथल्या फोनसाठी पुण्यात कुणी असा खेळ बनवायला घेतला तर माझी मागणी साधी आहे. एक जीबीच्या आत बसावा आणि विमान-मोडमध्येही चालावा. एका अंगठ्यानं खेळता यावा. पहिल्या तासात एक खरा निर्णय पडावा, ज्यानं काहीतरी मिळेल आणि काहीतरी हातचं जाईल. आणि तो चुकला तर अकाराबाईंसारखं कुणीतरी पहिल्यांदा माफ करावं. वडिलांचा फोन आला की खेळ जागच्या जागी जतन व्हावा. जतन करून ठेवलेल्या जागी पुन्हा पुन्हा परतून चूक पुसता येईल ही भीती असेल, तर 1980 च्या ‘रोग’नं तिची सोय केव्हाच करून ठेवली आहे: खेळ जतन करून उठता येई, पण परत उघडताच ती जतन केलेली फाइल नष्ट होई.

आणि मजकूर मराठीत असावा, गोष्टीचाच नव्हे तर आकड्यांचाही. गोष्ट चित्रांवरून समजते. खोली असते ती वस्तूंच्या बारीक ओळींत, ‘दर पाचव्या घावाला दुप्पट इजा’, ‘विजेपासून 40 टक्के बचाव’ अशा वाक्यांत, आणि आज ती सगळी इंग्रजीत आहेत. भाच्यानं व्हिडिओवाल्याचं ऐकलं त्यात तेराशे ठिपक्यांचा जितका हात होता तितकाच प्रत्येक ठिपक्याखालच्या इंग्रजी ओळीचा. 63 टक्क्यांनंतर 104 पर्यंत वेग का वाढत नाही, हे कोडं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून टक्केवारी शिकलेली सातवीतली मुलगी सोडवू शकते. ते तिला तिच्या भाषेत घातलं मात्र पाहिजे.